रिश्टरच्या आकड्यामागे लपलेली माणसे

१/
दरवर्षी ३० सप्टेंबर जवळ आला की समाजमाध्यमांवर एक ठरावीक छायाचित्र फिरू लागते. कोसळलेल्या भिंती, दगडमातीच्या ढिगाऱ्याशी सुन्न बसलेली माणसे, आणि वर ठळक अक्षरांत ‘किल्लारी १९९३ : ६.२ रिश्टरचा महाभयंकर भूकंप’. गेल्या वर्षी या दिवशी मीही एक धागा लिहिला होता. भारतातील मोठ्या भूकंपांची यादी, रिश्टरच्या उतरत्या क्रमाने, प्रत्येकापुढे मृतांची संख्या. तो पुष्कळ वाचला गेला. आजचा धागा त्या धाग्याविरुद्ध आहे.

२/
त्या यादीखाली एका वाचकाने साधा प्रश्न विचारला होता : किल्लारी यादीत इतक्या खाली आहे, मग तिथे इतकी माणसे कशी गेली? मी घाईत उत्तर दिले की भूकंपाचे केंद्र फार खोल नव्हते, म्हणून. उत्तर खोटे नव्हते. पण इतिहासाच्या विद्यार्थिनीने जे करू नये ते मी केले. हजारो मृत्यूंचे सारे कारण जमिनीच्या पोटात ढकलले आणि मोकळी झाले.

३/
आता दोन नोंदी शेजारी ठेवून पाहा. १५ ऑगस्ट १९५०, आसाम व तिबेटची सीमा, ८.६. आणि ३० सप्टेंबर १९९३, किल्लारी, ६.२. या मापनपट्टीवर आकडा एकाने वाढला की मुक्त होणारी ऊर्जा सुमारे ३२ पटींनी वाढते. म्हणजे २.४ च्या फरकात ऊर्जेचे अंतर जवळजवळ चार हजार पटींचे होते. आसामात डोंगर खचले, दरडींनी नद्या अडल्या आणि ते बांध फुटून पूर आले. तेथे भारताच्या हद्दीत सुमारे दीड हजार माणसे मृत्युमुखी पडली. किल्लारी परिसरातील मृतांचे आकडे आठ ते दहा हजारांच्या दरम्यान आहेत.

चार हजार पटींनी दुर्बल भूकंपाने पाच-सहा पट माणसे मारली. उतरत्या क्रमाची यादी हे सांगत नाही. ती हे झाकते.

४/
थोडे शब्दांविषयी. आपली वर्तमानपत्रे ज्याला ‘तीव्रता’ म्हणतात तो आकडा वस्तुतः भूकंपाचे उगमस्थानीचे बळ दाखवतो, आणि एका भूकंपाचा तो एकच असतो. एखाद्या गावाला बसलेला हादरा ही निराळी गोष्ट. ढोलावर टिपरू किती जोराने पडले हे एकच असते. पथकाजवळ उभ्या असलेल्याच्या कानाला आणि चार गल्ल्या पलीकडच्या कानाला ते वेगळे ऐकू येते. अंतर, खोली, जमिनीचा पोत यांनुसार हादरा बदलतो. शास्त्रज्ञ हा भेद काटेकोरपणे पाळतात. (मूळ रिश्टर पट्टीही त्यांनी केव्हाच मागे टाकली आहे, तिचे नाव तेवढे आपल्या तोंडी राहिले.) गोंधळ आपण लिहिणाऱ्यांनी केला आहे.

५/
येथे एक रास्त आक्षेप येतो : आसामच्या त्या सीमाभागात वस्तीच विरळ होती. मान्य. म्हणून तुलनेसाठी आपल्याच राज्यातले उदाहरण घेऊ. ११ डिसेंबर १९६७, कोयना. बळ ६.३ च्या आगेमागे, म्हणजे किल्लारीइतकेच, किंबहुना किंचित अधिक. वेळ पहाटे ४ वाजून २१ मिनिटे. किल्लारीची पहाटे ४ ला चार-पाच मिनिटे कमी असताना. दोन्ही वेळा माणसे घरात झोपलेली. दोन्ही ठिकाणी केंद्र उथळ, दोन्ही ठिकाणी पायाखाली दख्खनचा काळा पाषाण, आणि दोन्ही प्रदेश तोवर भूकंपाच्या दृष्टीने निर्धास्त मानलेले. कोयनेत मृत्यू सुमारे पावणेदोनशे ते दोनशे.

६/
वस्तीच्या घनतेचा फरक येथेही आहे; कोयनेचे खोरे डोंगराळ आहे, गावे लहान आहेत. तो वजा करूनही पन्नासपट अंतर भरून निघत नाही. मग वर पाहावे लागते, घराच्या छपराकडे.

सह्याद्रीच्या धो-धो पावसात मातीचे सपाट छप्पर टिकत नाही. तिथे उतरते, हलके छप्पर लागते : लाकडी वासे, वर कौले किंवा पत्रे. मराठवाड्याच्या कोरड्या, तापट हवेत मात्र माळवद शक्य होते आणि सुखाचेही. त्या पहाटे कोणाच्या अंगावर काय कोसळणार, हे शतकानुशतकांच्या पर्जन्यमानाने बऱ्याच अंशी आधीच ठरवून ठेवले होते. भूकंपमापकाच्या आलेखात हा पाऊस कुठेच उमटत नाही.

७/
औसा आणि उमरगा तालुक्यांतील त्या घरांविषयी थोडे सविस्तर लिहिले पाहिजे, कारण मृत्यूचे उत्तर तिथेच आहे. भिंती दोन-तीन फूट जाड, काही वाड्यांत त्याहूनही अधिक. पण जाड म्हणजे भक्कम नव्हे. बहुतेक भिंती दोन पदरांच्या असत. बाहेरून एक रास, आतून एक रास, मधल्या पोकळीत दगडांच्या कपच्या आणि माती. दोन पदरांना बांधून ठेवणारे, आरपार जाणारे लांब दगड क्वचितच. सांधायला चुना नव्हे, चिखल. दगड बव्हंशी ओबडधोबड, गोलसर. वरून माळवद : तुळया, त्यांवर लाकडी फळ्या, त्यांवर दीड-दोन फूट मातीचा थर. गळती लागली की दर पावसाळ्यापूर्वी त्यावर आणखी माती पडायची. पिढ्या सरत तसे छप्पर जड होत जायचे.

अशी भिंत उभा भार उत्तम पेलते. आडवा धक्का बसला की मात्र तिचे दोन पदर एकमेकांपासून सुटतात, दगड आत-बाहेर ढासळतात, आणि टनावारी माती खाली येते. त्या मातीखाली श्वास घ्यायला पोकळीही उरत नाही. अनंत चतुर्दशीचे विसर्जन आटोपून थकून झोपलेली गावे होती ती. बावन्न गावे जवळजवळ भुईसपाट झाली.

८/
याच गावांत काय उभे राहिले, हे आपण फारसे सांगत नाही. कुडाच्या, गवताने शाकारलेल्या झोपड्या मोठ्या प्रमाणावर तगल्या. ज्या घरांत माळवदाचा भार भिंतींवर नसून लाकडी खांबांच्या खणांवर होता, त्यांपैकी काहींच्या भिंती ढासळल्या तरी लाकडी सांगाडा उभा राहिला. म्हणजे ‘गरीब मेले, श्रीमंत वाचले’ हे सोपे सूत्रही इथे लागू पडत नाही. दगडी घर ही ऐपतीची खूण होती, आणि त्या पहाटे तीच जिवावर उठली. मार्क्सवादी मित्रांनी रागावू नये. गरिबीचा मुद्दा पुढे येणारच आहे, पण वेगळ्या रूपात.

९/
आणि कृपया ‘अडाणी बांधकाम’ हा शब्द वापरू नका. काळा दगड आणि माती पायाशी फुकट होती, चांगले इमारती लाकूड दुर्मीळ आणि महाग होते. जाड भिंतीने वैशाखात घर थंड राहत असे. त्या घराने ऊन, चोर, पाऊस, थंडी या सगळ्यांना उत्तर दिले होते. जो प्रश्न त्या लोकांच्या स्मृतीत कधी आलाच नाही, त्याचे उत्तर त्यांच्या गवंड्यांकडे नसावे यात अडाणीपणा कसला? आसामात तो प्रश्न १८९७ च्या प्रचंड भूकंपाने विचारला होता. त्यानंतर तेथे लाकूड-बांबूचा सांगाडा, बोरूच्या ताट्यांवर मातीचा लेप आणि पत्र्याचे हलके छप्पर असलेली घरे रूढ झाली. ‘आसाम पद्धतीचे घर’ हे नावच पडले. १९५० मध्ये आसामची जी माणसे वाचली, त्यांतील किती त्या घरांमुळे वाचली हे मोजता येणार नाही. पण ती घरे नसती तर मृतांची यादी दीड हजारांवर थांबली नसती, असे म्हणायला मला संकोच वाटत नाही.

१०/
‘भूकंप माणसे मारत नाही, इमारती मारतात’ हे वाक्य आता पुष्कळांना पाठ झाले आहे. रिश्टरच्या यादीपेक्षा ते निश्चित बरे. तरी तेही अर्ध्या वाटेवर थांबते. इमारत स्वतःहून उभी राहत नाही. १७५५ साली १ नोव्हेंबरला लिस्बन उद्ध्वस्त झाले तेव्हा व्होल्तेर ईश्वराच्या न्यायाचा हिशेब मागत होता. रूसोने पुढच्या वर्षी त्याला पत्र लिहून निराळाच मुद्दा मांडला : इतकी उंच घरे इतक्या दाटीने निसर्गाने रचलेली नव्हती, आणि सामानसुमानाच्या मोहात मागे फिरलेली माणसेही निसर्गाने फिरवलेली नव्हती. आपत्तीचा सामाजिक विचार तिथून सुरू झाला, असे अनेक अभ्यासक मानतात. पावणेतीनशे वर्षे होत आली, आणि आपण अजून छायाचित्रावर रिश्टर लिहीत आहोत.

११/
‘पण त्या काळी ज्ञानच नव्हते.’ हा युक्तिवाद मला सर्वांत अधिक खटकतो, कारण तो इतिहासाच्या नावाने केला जातो.

१९३१ मध्ये बलुचिस्तानात माच येथे भूकंप झाला. त्यानंतर नॉर्थ वेस्टर्न रेल्वेतील एस. एल. कुमार या तरुण भारतीय अभियंत्याने क्वेट्ट्यात रेल्वेची भूकंपरोधक निवासस्थाने रचली. जुन्या लोखंडी रुळांचा सांगाडा, त्यात विटांचे बांधकाम, आणि आडव्या धक्क्याचा रीतसर हिशेब. १९३३ मध्ये त्यांनी यावर निबंध प्रसिद्ध केला आणि सोबत भारताचा भूकंप-विभागांचा नकाशाही दिला. ३१ मे १९३५ ला पहाटे तीनच्या सुमारास क्वेट्टा हादरले. मृतांचे अंदाज तीस हजारांपासून साठ हजारांपर्यंत जातात. कुमारांची रेल्वेची घरे उभी राहिली.

एकाच शहरात, एकाच पहाटे, एकाच बळाच्या भूकंपात. ज्ञान होते. ते रेल्वेच्या नोकरांपुरते होते. बाजारातल्या, गल्लीतल्या माणसाला ते मिळावे अशी कोणाची इच्छा नव्हती, निदान तसा खर्च करण्याची नव्हती. गरिबीचा मुद्दा म्हणतात तो हा. नुसत्या छपराच्या जडपणाने तो संपत नाही. छपराविषयीचे ज्ञान कोणाच्या घरापर्यंत पोहोचते, हाही त्याचाच भाग आहे.

१२/
त्याआधी अवघ्या सोळा महिन्यांपूर्वी, १५ जानेवारी १९३४ ला, बिहार-नेपाळचा भूकंप झाला होता. बळ ८ च्या वर किंवा आसपास, क्वेट्ट्याहून मोठा, प्रदेश कितीतरी विस्तृत. मृत्यू दहा-बारा हजार. वेळ होती दुपारी सव्वादोनची. थंडीचे दिवस, पुष्कळ माणसे घराबाहेर. घड्याळाचा काटा हाही मृतांच्या संख्येचा एक घटक आहे आणि त्यात कोणाचेही कर्तृत्व वा दोष नाही, हे प्रामाणिकपणे नोंदवायला हवे.

याच भूकंपाला गांधीजींनी अस्पृश्यतेच्या पापाचे दैवी शासन म्हटले आणि रवींद्रनाथांनी त्याचा जाहीर प्रतिवाद केला. गांधीजींनी तो आपल्याच ‘हरिजन’मध्ये छापला, ही त्या काळाची रीत. आपल्याकडे हा वाद विवेक विरुद्ध श्रद्धा असा शिकवला जातो. मला त्यात आणखी एक गोष्ट दिसते : समाजाचा दोष आणि मृत्यू यांचा संबंध आहे, एवढे गांधीजींना जाणवले होते. तो संबंध त्यांनी चुकीच्या जागी शोधला. दोष भिंतीत होता, आणि भिंत कोणाच्या वाट्याला कसली येते यात होता.

१३/
ज्यांना अजूनही बळ हाच निकष वाटतो त्यांनी न्यूझीलंडकडे पाहावे. ४ सप्टेंबर २०१० ला क्राइस्टचर्चजवळ ७.१ चा भूकंप, पहाटे साडेचारच्या सुमारास : कोसळणाऱ्या घराखाली एकही मृत्यू नाही. २२ फेब्रुवारी २०११ ला ६.२ चा, शहराच्या अगदी जवळ आणि उथळ, दुपारी १ ला थोडी मिनिटे असताना : १८५ मृत्यू. त्यांपैकी ११५ एकाच इमारतीत. ती इमारत जुन्या दगडमातीची नव्हती, १९८०च्या दशकात बांधलेली काँक्रीटची होती. पुढे चौकशी आयोगाने तिच्या संरचनेतील गंभीर दोष नोंदवले.

किल्लारीच्याच बळाचा भूकंप, आणि मृत्यूंपैकी बहुसंख्य एका सदोष आराखड्याच्या खाती. याला ‘६.२ चे बळी’ म्हणणार का?

१४/
त्याच २०१० सालची दुसरी जोडी अधिक परिचित आहे. १२ जानेवारीला हैती, ७.० : मृतांचे अंदाज एक लाखाच्या आतून तीन लाखांवर. २७ फेब्रुवारीला चिली, ८.८ : सुमारे सव्वापाचशे, त्यांतही पुष्कळजण त्सुनामीत. ऊर्जा पाचशे पट. हैतीत अंमलात असलेली बांधकाम संहिताच नव्हती. चिलीची गोष्ट मात्र ‘विकसित देश, म्हणून वाचला’ अशी गुंडाळू नका. याच चिलीत १९३९ मध्ये चियान परिसरात सुमारे अठ्ठावीस हजार माणसे गेली होती, २०१० च्या मानाने फार लहान भूकंपात. जमीन तीच. मधल्या सत्तर वर्षांत नियम आले, ते मोडणाऱ्यावर दायित्व आले.

१५/
येथे इतिहासाच्या विद्यार्थ्यांसाठी एक आडवळण. मृतांच्या आकड्यांवर मी इतकी भिस्त ठेवत आहे, पण ते आकडे तरी किती भरवशाचे? ‘जगातील सर्वांत भीषण भूकंप’ अशा याद्यांत आजही १७३७ चा कलकत्त्याचा भूकंप सापडतो, मृत्यू तीन लाख. त्या वेळच्या कलकत्त्यात तीन लाख माणसेच नव्हती, त्याच्या आसपासही नव्हती. भूवैज्ञानिक रॉजर बिल्हम यांनी १९९४ मध्ये मूळ कागद तपासून दाखवले की ऑक्टोबर १७३७ मधली ती आपत्ती मुख्यतः चक्रीवादळाची होती आणि कंपनीच्या नोंदींतील मृत्यूंची संख्या तीन हजारांच्या घरातली. एक वादळ अडीचशे वर्षे भूकंप म्हणून मिरवले.

माझ्या गेल्या वर्षीच्या यादीत तेही होते. कोणी हटकले नाही.

१६/
किल्लारीकडे परत येऊ. १९९२ च्या उत्तरार्धापासून त्या परिसरात धक्के बसत होते. जमिनीतून गडगडाट ऐकू येत होता. ऑक्टोबर १९९२ मध्ये ४ च्या आसपासच्या बळाचा एक धक्का बसला होता. म्हणजे ज्या प्रश्नाविषयी मी वर म्हटले की तो लोकांच्या स्मृतीत नव्हता, तो अखेरच्या वर्षभरात दारात येऊन उभा होता. पण अधिकृत नकाशात हा भाग सर्वांत कमी धोक्याच्या, पहिल्या विभागात रंगवलेला होता. १९६७ च्या कोयनेने ‘दख्खन हलत नाही’ ही समजूत एकदा मोडली होती, तरीही. नकाशा बदलला तो किल्लारीनंतर. २००२ च्या आवृत्तीत पहिला विभागच रद्द झाला आणि हा परिसर तिसऱ्यात गेला. कोयनेनंतरही असेच झाले होते. आपले नकाशे मृतांच्या मागून चालतात.

आणखी एक नोंद. मातीची घरे आणि चिखलातील दगडी बांधकाम भूकंपाला कसे तोंड देईल, यासाठी भारतीय मानक संस्थेने स्वतंत्र मार्गदर्शिका काढल्या. त्यांच्यावरचे साल १९९३ आहे. त्यांत सांगितलेले उपाय काही अवघड नव्हते : भिंतीत ठरावीक अंतरावर आरपार दगड, दाराखिडक्यांच्या वर चारी भिंती बांधून ठेवणारा सलग पट्टा, छपरावरचा भार कमी. कुमारांनी क्वेट्ट्यात घरे बांधली त्याला तेव्हा सुमारे साठ वर्षे झाली होती.

१७/
‘आता माळवदे राहिली नाहीत, तेव्हा हा सगळा भूतकाळ’ असे वाटत असेल तर २६ जानेवारी २००१ आठवा. भूजच्या ७.७ च्या भूकंपाने कच्छ उद्ध्वस्त केले हे सर्वांना ठाऊक आहे. पण केंद्रापासून सव्वादोनशे किलोमीटरहून दूर असलेल्या अहमदाबादेत साडेसातशेच्या आसपास माणसे गेली, आणि तीही मुख्यतः नव्या बहुमजली इमारतींत. तळमजला वाहनांसाठी मोकळा, नुसत्या बारीक कॉलमांवर. वर विटांच्या भिंतींनी भरलेले चार-पाच मजले, आणि गच्चीवर पाण्याच्या टाक्या. वरचा भाग पेटीसारखा ताठ, खालचे पाय लटके. हलले की पाय मोडतात.

१८/
आता आपल्या तालुक्याच्या गावातून एक फेरी मारा. तळमजल्यावर दुकानांसाठी मोकळी जागा, वर तीन मजले, रस्त्याच्या बाजूने चार फूट पुढे काढलेला सज्जा. बांधकाम चालू असेल तर कॉलमच्या सळ्यांभोवतीच्या रिंगा पाहा. त्यांची टोके आत, काँक्रीटच्या गाभ्यात वळवलेली हवीत. बहुधा ती नुसती काटकोनात दुमडून सोडलेली दिसतात. हादऱ्यात अशी रिंग उघडते आणि सळ्या बाहेर फाकतात. टोके नीट वळवण्याचा खर्च जवळजवळ शून्य आहे. माझ्या स्वतःच्या नात्यातल्या एका नव्या घराचे काम चालू असताना मी हे विचारले, तेव्हा गवंड्याने हसून सांगितले, ‘ताई, इकडं कुठं येतोय भूकंप?’ ते घर धाराशिव जिल्ह्यात आहे.

२०२४ मध्ये मार्चला आणि पुन्हा जुलैला हिंगोली परिसरात ४.५ चे धक्के बसले. नांदेड-परभणीपर्यंत लोक रस्त्यावर आले. दुसऱ्या दिवशी सगळीकडे बातमी एकाच आकड्याची होती.

१९/
माझे म्हणणे कोणी ‘भूशास्त्र निरुपयोगी’ असे वाचू नये. बळ, खोली, अंतर, जमीन यांच्याशिवाय हादऱ्याचा अंदाज बांधता येत नाही, आणि शास्त्रज्ञांनी ते काम आपल्याहून फार आधी, फार नेटाने केले आहे. माझा वाद इतिहास लिहिणाऱ्यांशी, म्हणजे आपल्याशी आहे. आपण रिश्टरचा आकडा मथळ्यात टाकतो तेव्हा छपराची माती, नकाशाचा रंग, संहितेचे साल, गवंड्याची मजुरी, ठेकेदाराची बचत हे सारे त्या आकड्यामागे दडते. निसर्गावर खटला चालत नाही, म्हणून मग कोणावरच चालत नाही.

२०/
गेल्या वर्षीची ती यादी मी पुसून टाकणार नाही. चुकीचा कागदही कागदच असतो. तिच्याखाली हा धागा जोडत आहे, १७३७ च्या ओळीवर दुरुस्ती टाकत आहे. किल्लारी, सास्तूर किंवा आसपासच्या गावांतील कोणी वाचत असेल, तर एक विनंती : घरातील वडीलधाऱ्यांना विचारून जुन्या घराविषयी लिहा. भिंत किती जाड होती, भार खांबांवर होता की भिंतींवर, माळवदावर शेवटची माती कोणत्या साली टाकली होती. व्यक्तींची नावे नकोत, घराचे तपशील हवेत. ते मी खाली एकत्र करत जाईन.